दगडाखालची बाळंतीण

मी काय काम करते हे सांगितले की आमच्या मंडळात पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"म्हणजे पेस्ट कंट्रोल?"

गणपतीत न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला असतो, हातात कागदी ताटली असते आणि विचारणारे गृहस्थ बहुधा आयटीतले असतात. "नाही, त्याच्या उलट," मी सांगते. "कीटक मरू नयेत म्हणून मला पगार मिळतो." यावर ते जरा विचार करतात आणि म्हणतात, "असू दे. पण आमच्या तांदळात काहीतरी उडतंय. येऊन बघाल का?"

मी जाते. डबा उघडते, तो धान्यातला नेहमीचा करडा पतंग असतो, तांदूळ काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा असे सांगते आणि चहा पिऊन येते. हेन्डरसनला राहणाऱ्या एका काकूंनी तर मेलेले झुरळ पाकिटात घालून पोस्टाने पाठवले होते. सोबत एकच ओळ होती : "हे इथलं की आपल्या सामानातून आलेलं?" ते इथलेच निघाले. काकूंना इतका आनंद झाला की पुढच्या भेटीत त्यांनी मला लोणच्याची बरणी दिली.

माझे खरे काम वेगळे आहे. न्यूझीलंडमध्ये कुठे रस्ता काढायचा असेल, पवनचक्क्या उभारायच्या असतील, तर आधी त्या जागेवर काय काय राहते ते पाहावे लागते. झाडे पाहणारे वेगळे, पक्षी पाहणारे वेगळे, सरडे पाहणारे वेगळे. मी कीटक पाहते, आणि त्यातही पतंग. पतंग म्हटले की आपल्याला दिव्यावर झेप घेऊन जळणारा आठवतो. इथल्या उंच डोंगरांवर मात्र बरेच पतंग दिवसा उडतात. रात्री तिथे इतका गारठा असतो की पंख हलवायलाही अंगात ऊब उरत नाही.

मी मूळची मेहकरची. वडील एसटी डेपोत मेकॅनिक होते. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेले नव्हते. प्राणिशास्त्र घेतले ते त्या वर्गात जागा शिल्लक होती म्हणून. पण तिथे देशमुख सर होते. कॉलेजच्या एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकासमोर रांग लागलेली असताना ते आम्हाला मागच्या मैदानात नेत आणि म्हणत, "तोवर डोळे आहेत ना, ते वापरा." मला पुढे शिष्यवृत्ती मिळाली, लग्न झाले, नवऱ्याच्या नोकरीमुळे या देशात आले, इथे आणखी शिकले. या सगळ्यात माझे कर्तृत्व किती आणि नशीब किती हे मी कधी मोजत बसले नाही. पण गुडघे टेकून गवतात पाहायला बसले की सरांची आठवण येते.

या कामात वीसेक वर्षे गेली. सगळे सांगायला जागा नाही आणि सगळे सांगण्यासारखेही नाही. एका पतंगाची गोष्ट सांगते.

आधी तो दिसतो कसा ते सांगायला हवे. नराने पंख पसरले तर आगपेटीच्या रुंदीएवढा होतो. रंग काळा, वर पिवळे ठिपके आणि रेघा. मागचे पंख नारिंगी, पण ते उडतानाच दिसतात. अंगावर दाट केस. काळा रंग ऊन शोषतो आणि केस ती ऊब धरून ठेवतात, म्हणजे काळे स्वेटर घातल्यासारखेच. ऊन असेल तेवढा वेळच तो उडतो, जमिनीलगत, वेडावाकडा, घाई झाल्यासारखा. सूर्यासमोर ढग आला की खाली गवतात पडतो. ढग गेला की पुन्हा उठतो. त्याचा पाठलाग करणारी माणसेही त्याच तालावर पळतात आणि थांबतात.

मादीला पंख नसतात. नावापुरते दोन कोंब असतात, ते उपयोगाचे नाहीत. भिजवलेल्या काजूएवढी, गव्हाळ रंगाची, लोकरीच्या गोळीसारखी ती दिसते. आपण सुरवंटाचे फुलपाखरू झाले असे म्हणतो ते तिच्या बाबतीत खरे नाही. ती दगडाखाली कोष विणते आणि वयात आल्यावरही त्यातून बाहेर पडत नाही. आत बसूनच ती एक गंध सोडते. आपल्याला तो कळत नाही. नराला वाऱ्यावरून कळतो, तो येतो आणि कोषाच्या पातळ जाळीतून वाट काढून आत शिरतो. मग ती त्याच कोषात अंडी घालते, स्वतःच्या अंगावरचे झडलेले केस त्यांच्याभोवती राहतात आणि ती मरते. पिल्ले आईच्या केसांत जन्मतात आणि काही काळाने आपापल्या वाटेने निघतात. हे सुरवंट काळे, तांबूस केसांचे असतात आणि आश्चर्य वाटावे इतके जोरात पळतात. हिवाळाभर बर्फाखाली गारठून पडून राहतात. वसंतात पुन्हा खाऊ लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कोष करतात.

या सगळ्यातून एक साधी गोष्ट निघते. नर कुठेही दिसू शकतो, कारण तो उडतो. मादी जिथे सापडते तिथेच या पतंगाचे घर असते.

दक्षिण बेटावर, ओटागोच्या डोंगरात, एक स्कीचे मैदान आहे. हल्ली तिथे पुरेसा बर्फ पडत नाही, म्हणून पाण्याचे फवारे मारून बर्फ करतात. त्या पाण्यासाठी त्यांना एक तळे खोदायचे होते. तळ्याची जागा ठरली ती नेमकी या पतंगाच्या उतारावर. तळे दुसरीकडे हलवा असे आम्ही लिहून दिले. दुसरीकडचा खडक पाणी धरत नाही असे त्यांच्या इंजिनियरांनी लिहून दिले. सुनावणी झाली. खोदायला परवानगी मिळाली, पण एक अट घालून : आधी त्या उतारावरचे सुरवंट शक्य तेवढे गोळा करायचे, सांभाळायचे आणि ओढ्यापलीकडच्या उतारावर सोडायचे.

पलीकडचा उतार हुबेहूब असाच होता. तेच टसॉक गवताचे झुपके, तेच सपाट दगड. फक्त पतंग नव्हता. फार पूर्वी मेंढ्यांच्या चराईसाठी गवत जाळले असावे. जी उडू शकत नाही ती एकदा संपली की परत येत नाही. नर ओढ्यावरून उडून पलीकडे जात आणि परत येत, कारण तिथे बोलावणारी कोणी नव्हती.

मैदानाचा मॅनेजर क्रेग नावाचा लांबरुंद माणूस होता. मी त्याला मादीबद्दल समजावून सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले.

"म्हणजे तळं अडलंय ते एका बाईमुळे," तो म्हणाला, "जी आयुष्यात एकदाही बिछान्यातून उठत नाही."

"हो."

"माझ्या पहिल्या बायकोला सांगतो. तिला आवडेल."

माणूस वाईट नव्हता. आम्हाला वर न्यायला तोच गाडी घेऊन येई आणि शरद ऋतूत सुरवंट गोळा करताना आमच्याबरोबर गुडघ्यांवर रांगला. मी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होते. हिने नावाची माझी माओरी सहकारी, झाडे पाहणारी, मला सारखी बसायला सांगत होती. मला वाकता येत नसे, म्हणून त्या दोघांनी सुरवंट धरायचे आणि मी डब्याचे झाकण उघडून उभे राहायचे अशी वाटणी झाली. "हे पळतात!" क्रेग ओरडला. एवढा मोठा माणूस, आणि बोटाच्या पेराएवढ्या सुरवंटामागे धावत होता.

सुरवंटांचे आम्ही दोन भाग केले. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. निम्मे तिथेच, जाळीच्या पिंजऱ्यांत दगडांखाली ठेवले. निम्मे माझ्या पोरिरुआच्या घरी, गॅरेजमध्ये. हे गॅरेज घराच्या दक्षिण बाजूला आहे. इथे ऊन उत्तरेकडून येते, त्यामुळे तिथे हिवाळाभर ऊन शिरत नाही आणि सुरवंटांना हवा तसा गारठा राहतो.

जूनमध्ये, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यात, हिनेचा फोन आला. "किया ओरा, नंदा. बातमी वाईट आहे. पिंजरे उघडलेत."

"वाऱ्याने?"

"वाऱ्याला स्क्रू काढता येत नाहीत."

किआ हा तिथला डोंगरी पोपट. उभ्या गाड्यांच्या काचांभोवतीचे रबर उपटणे हा त्याचा छंद आहे. त्याने पिंजरे उघडून आतले सुरवंट खाल्ले की नुसते बाहेर फेकले, ते कळले नाही. बर्फात दोन्हीचा अर्थ एकच. त्या उतारावरचे पतंग आता माझ्या गॅरेजमधल्या चाळीसेक प्राण्यांवर आले होते.

त्याच सुमाराला आई मेहकरहून बाळंतपणासाठी आली. विमानात ती पहिल्यांदाच बसली होती. बॅगेत डिंकाचे लाडू, हळिवाचे लाडू, बाळंतकाढा आणि बाळासाठी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी होती. ओवा आणि बाळंतशेपाही होत्या, पण त्या विमानतळावरच्या तपासणीत अडकल्या. हे काय आहे, असे अधिकाऱ्याने विचारल्यावर आईने त्याला मराठीत समजावले, वासही दिला. त्याने दोन्ही ठेवून घेतले. पुढे ओवा आम्ही इथल्याच भारतीय दुकानातून आणला. त्याची धुरी दिल्यावर घरातला धुराचा अलार्म वाजू लागला. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, मीटिंग सोडून खुर्चीवर चढला आणि टॉवेलने वारा घालू लागला.

मुलगी झाली. आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीने घराबाहेर पडायचे नसते, आणि आईच्या लेखी गॅरेज हे घराबाहेर होते.

"आई, गॅरेज घराला जोडलेलंच आहे."

"जोडलेलं असो की चिकटलेलं असो. तिथं वारा हाय. तू नाही जायचं."

"मग डब्यांवर तू एक नजर टाकत जा. बुरशी आली का एवढंच. बाकी काही करायचं नाही. फक्त बघायचं."

"बघते नं."

नुसते बघणे हे माझ्या आईला आयुष्यात कधी जमलेले नाही. हे मला माहीत होते. पण मी अंथरुणावर होते, शेक-शेगडी चालू होती, झोप अर्धवट होत होती आणि रोज संध्याकाळी ती "सगळे ठीक हायेत" असे सांगत होती. श्रीकांतला विचारले तर तो म्हणे, "आईंना विचारलं, ठीक आहेत म्हणाल्या."

सव्वा महिना संपला. आईने देवासमोर दिवा लावला. मी बाळाला तिच्याकडे दिले, शाल गुंडाळली आणि गॅरेजमध्ये गेले. मांडणीवर रंगाचे डबे होते, श्रीकांतची क्रिकेटची बॅट होती. सुरवंटांचे डबे नव्हते.

"आई, डबे कुठायत?"

"आत हायेत नं. कवाच आणले."

इथल्या घरांत एक कपाट असते. त्यात गरम पाण्याची टाकी असते आणि वरच्या लाकडी फळ्यांवर लोक टॉवेल ठेवतात. इथले लोक म्हणजे गोरे. आपण तिथे इडलीचे पीठ आंबवतो, विरजण लावतो. न्यूझीलंडच्या थंडीत दुसरीकडे कुठेही पीठ फुगत नाही, हे इथे आलेल्या प्रत्येक मराठी घराला पहिल्या हिवाळ्यातच कळते. आईलाही ते आठवड्याभरात कळले होते. मी कपाट उघडले. खालच्या फळीवर पिठाचे पातेले होते. मधल्या फळीवर बाळाची दुपटी. वरच्या फळीवर माझे डबे.

सुरवंट नव्हते. डब्यांच्या कोपऱ्यांत, झाकणांच्या आतून, मेथीच्या वाळक्या काड्यांना धरून तांबूस केसांचे कोष होते. आईने त्यांना ऊब दिली होती, ते जागे झाले होते. जागे झाल्यावर भुकेले दिसले म्हणून तिने मेथी दिली, आणि मेथी आवडली नाही म्हणून अंगणातला पाला. तो आवडला. पोटभर खाऊन, वसंत आला असे समजून, त्यांनी भर ऑगस्टमध्ये कोष केले होते. वर डोंगरावर छातीएवढा बर्फ होता.

मी तिथेच फरशीवर बसले.

"काही चुकलं काय?" आईने विचारले.

"आई, त्यांना थंडी हवी असते."

"असं कोणतं लेकरू असते बाई, ज्याले थंडी पाह्यजे? काकडून निपचित पडले होते. मले वाटलं, इकडं बाळंतिणीच्या खोलीत हीटर, अन् तिकडं ते बिनपांघरुणाचे."

आईचे म्हणणे तिच्या बाजूने पूर्ण बरोबर होते. थंडीत जीव निपचित पडला की त्याला ऊब द्यायची, हे तिने माझ्यासह सगळ्या लेकरांवर यशस्वीपणे करून पाहिले होते. तिच्यावर रागावता येईना आणि सुरवंटांना समजावता येईना.

डबे परत गॅरेजमध्ये ठेवले. त्याने थोडा उशीर झाला, एवढेच. एकदा कोष झाला की मागे फिरता येत नाही. सप्टेंबरमध्ये पहिला नर बाहेर आला. त्यांना उडायला ऊन आणि जागा हवी होती. उत्तरेच्या खिडकीपाशी मी आईने आणलेली मच्छरदाणी उघडली आणि डबे तिच्यात मांडले. मुलगी उघड्या पाळण्यात झोपली. तसेही इथे त्या दिवसांत डास नसतात.

ऊन आले की मच्छरदाणीत काळे-पिवळे पतंग घिरट्या घालत. आई खुश होती. एका सकाळी ती केरसुणी आणि सुपली घेऊन मच्छरदाणीसमोर बसलेली दिसली.

"हे तर निघाले. हे बाकीचे बिघडले वाटते. जळमटं झाली नुसती. झाडून टाकू का?"

"आई, हात लावू नकोस!"

मी एक कोष उचलून खिडकीच्या उजेडात धरला. पातळ जाळीतून आतली गव्हाळ मादी दिसली. मी आईला सगळे सांगितले, आता तुम्हाला सांगितले तसेच. ती केरसुणी मांडीवर ठेवून ऐकत होती.

"म्हणजे ही बाहेरच येत नाही? जन्मात?"

"नाही."

"अन् लेकरं?"

"आतच. अंगाचे केस झडतात, त्यांत अंडी ठेवते."

"मग?"

"मग मरते."

आईने केरसुणी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, "अन् तू मले म्हणत होती, सव्वा महिना जाच होतो म्हणून."

त्याच दिवशी दुपारी एक नर घिरट्या सोडून सरळ एका कोषावर उतरला आणि जाळी रेटत आत शिरला. असे अभ्यासाच्या पुस्तकांत मी वाचले होते. पाहिले पहिल्यांदाच, माझ्या बैठकीच्या खोलीत, बाळाच्या मच्छरदाणीत. आईने पदर डोक्यावर घेतला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

काय घडले ते मी आमच्या कंपनीला कळवले. मी लिहिले : घरगुती तापमानातील वाढीमुळे अकाली कोषधारणा. अशा अहवालांत आई हा शब्द येत नाही. हिनेला मात्र फोनवर सगळे खरे सांगितले. ती इतकी हसली की तिला फोन बाजूला ठेवावा लागला. मग म्हणाली, "म्हणजे आता तुझ्याकडे पिल्लं होणार. किती?"

"एकेका कोषात पुष्कळ."

"स्वीट ॲज," ती म्हणाली. इथे 'झकास' असे म्हणायची ही पद्धत. "किआने घेतले त्याहून जास्त तुझ्या आईने दिले."

तसे झाले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. दिवाळीच्या आधी अंडी फुटली. स्वयंपाकघरात चकल्या तळल्या जात होत्या आणि शेजारी मी कुंचल्याने दाण्याएवढे सुरवंट पाल्यावर ठेवत होते. पण ते चुकीच्या ऋतूत, चुकीच्या हवेत जन्मले होते. पोरिरुआची हवा दमट आहे. डोंगरावरच्या कोरड्या वाऱ्याची सवय असलेल्या या प्राण्यांना बुरशी लागली. रोज सकाळी डबे उघडले की काही हलत नसत. मी पाला बदलला, डबे बदलले, पंखा लावला. आई परत जाण्याआधी माझ्याबरोबर बसून मेलेले वेचून काढायची. जाण्याच्या दिवशी विमानतळावर तिने बाळाचे पापे घेतले आणि मला म्हणाली, "त्यांचं कळव." पतंगांचे नाव तिने कधीच घेतले नाही. कायम 'ते' किंवा 'ती लेकरं'.

बर्फ वितळताच तिकडे खोदकाम सुरू झाले. क्रेगने फोनवर एक फोटो पाठवला. जुन्या उतारावर पिवळे यंत्र उभे होते. खाली त्याने फक्त 'सॉरी' लिहिले होते. त्याने तेवढेही लिहिले नसते तरी चालले असते, म्हणून ते लक्षात राहिले.

डिसेंबरात आम्ही जगलेले सुरवंट चिली बिनमध्ये, म्हणजे इथले लोक पिकनिकला बिअर गार ठेवायला नेतात त्या खोक्यात, घालून फेरीबोटीने दक्षिण बेटावर नेले. मागच्या सीटवर एका बाजूला मुलगी, एका बाजूला खोके. ओढ्यापलीकडे एकेक सुरवंट दगडाशी सोडला. ते वयाने लहान होते. त्या दिवसांत त्यांनी पतंग व्हायला हवे होते. पुढचा हिवाळा त्यांना झेपेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ते पळाले मात्र जोरात.

पुढचे काही उन्हाळे तिथे जाऊन पाहणे हा अटीचाच भाग होता. मी गेले. पहिल्या वर्षी काही नाही. नंतर एखाद-दुसरा नर, पण नर कुठूनही येतो. मादी सापडली नाही. ठरलेल्या फेऱ्या संपल्या, मी 'आढळ नाही' असे लिहिले आणि फाइल बंद झाली. मोबदल्यात सोडलेल्या प्राण्यांच्या बहुतेक फाइली अशाच बंद होतात. हे लोकांना फारसे माहीत नसते, आणि आम्हीही ते मुद्दाम सांगत नाही. जागा वाचवता आली नाही की प्राणी हलवायचे आणि काहीतरी केले असे म्हणायचे, एवढीच ती सोय असते. मी स्वतः अशा बऱ्याच सोयी केल्या आहेत.

आई दर उन्हाळ्यात फोनवर विचारायची.

"दिसले का वं ते?"

"अजून नाही."

"माझ्यानंच झालं नं ते."

"नाही गं. पोपटामुळे झालं."

हे निम्मे खरे होते. उरलेले निम्मे तिला ठाऊक होते, त्यामुळे माझ्या सांगण्याचा तिला काही उपयोग नव्हता. पण पुढच्या वर्षी ती पुन्हा विचारायची.

मुलगी आता सातवीत आहे. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. गेल्या उन्हाळ्यात मी आणि हिने दुसऱ्याच एका कामासाठी त्या भागात गेलो होतो. काम लवकर संपले. हिने म्हणाली, "जायचं का वर?" क्रेग निवृत्त झाला आहे. नव्या मॅनेजरने आम्हाला गेटची किल्ली दिली आणि कशासाठी हे विचारले नाही. तळे पाण्याने भरलेले होते. देखणे होते, हेही सांगायला हवे.

आम्ही ओढा ओलांडला आणि उतारावर बसलो. ढग होते. थांबलो. ढग सरकला आणि समोरच्या गवतातून एक नर उठला. वाकडातिकडा उडत गेला, वळला, पुन्हा वाऱ्याच्या तोंडाला आला. दर वेळी त्याचे वळण आखूड होत होते. मी उठले नाही. मग तो एका सपाट दगडाच्या कडेला उतरला आणि चालत खाली शिरला.

मी पोटावर झोपून सरकत गेले. दगडाची एक कड बोटाच्या जाडीएवढी उचलली. खाली तांबूस केसांचा पातळ कोष होता. नर अर्धा आत गेला होता. जाळीपलीकडे गव्हाळ रंगाचे काहीतरी किंचित हलले.

"आहे?" हिने पुटपुटली.

"आहे."

मी कड खाली ठेवली.

आता, ही मादी आमच्या कपाटातल्या लेकरांच्या वंशातली आहे असे मी म्हणू शकत नाही. यंत्रे नेण्यासाठी त्यांनी ओढ्यावर पाइप टाकून वाट केली होती. एखादा सुरवंट तिच्यावरून स्वतःच चालत आला असेल. सुरवंट चालतात. प्रयोगशाळेत शोधता येईल, पण त्यासाठी तिला उचलावे लागेल आणि ते मी करणार नाही. मला एवढेच म्हणता येते की जिथे कोणी नव्हते तिथे आता एक आहे, आणि ती बोलावते आहे.

तळ्यापाशी फोनला रेंज येते. दुपार होती, म्हणजे मेहकरला सकाळ. आई चहा घेत होती. मी सांगितले.

"बाहेर आली का ती?"

"नाही आई. ती बाहेर येत नाही. सांगितलं होतं ना."

"हो नं. विसरलेच." मग म्हणाली, "दाखव नं मले व्हिडिओवर."

"दगड परत ठेवला. पुन्हा उचलणार नाही."

"बरं केलं," आई म्हणाली. "पण नीट बसवला नं? फट राहिली तर वारा लागन तिले."

बसवला, असे मी सांगितले आणि फोन ठेवला. हिने गाडीकडे निघाली होती. तिला थांब म्हटले, पुन्हा ओढा ओलांडला, उतार चढले आणि दगडाची कड जमिनीला सगळीकडून टेकली आहे ना, ते हात फिरवून पाहून आले.